रोमानियाच्या ट्रान्सिल्व्हेनियातलं ब्येर्तान आणि शेजारची दोन गावं: राहावं कुठे, फिरावं कसं?

ओंजळ
सप्टेंबरमध्ये सिगिश्वाराहून ब्येर्तानला जायचंय. दोन मुक्काम, सोबत सत्तरीतले आई-बाबा, तिघंही शाकाहारी, आणि गाडी चालवणारं कुणी नाही. टूरवाले तासाभरात तिथलं तटबंदीचं चर्च दाखवून परत आणतात, ते नकोय. कोप्शा मारे आणि रिकिशलाही जावं का?

पाणवठा
जरूर जा. ब्येर्तानची कम्यून म्हणजे आपल्याकडच्या गट ग्रामपंचायतीसारखा कारभार: तीन गावं, कचेरी ब्येर्तानला. कोप्शा मारे तिथून तीन-चार किमी, रिकिश दुसऱ्या दिशेला सहा-सात.

खरी अडचण पोचण्याची. सिगिश्वारा–मेदियाश रेल्वेमार्गावर दुंब्रवेनी स्टेशन लागतं, तिथे पॅसेंजर गाड्या थांबतात. पण स्टेशनवर टॅक्सी उभी असेल असं धरून चालू नका. मोठ्या रस्त्यावरच्या शारोश गावापासून आत ब्येर्तानपर्यंतच नऊ किमी आहेत, सामान घेऊन चालणं शक्य नाही. मेदियाशहून बस आहे, पण फेऱ्या मोजक्या आणि शनिवार-रविवारी आणखी कमी. ज्या घरी उतरणार त्यांनाच आधी विचारून स्टेशनवर गाडी मागवा. परतीची वेळही तेव्हाच ठरवून टाका.

मुक्काम ब्येर्तानलाच करा. रिकिश जास्त शांत आहे, पण वाहन नसेल तर तिथे अडकून पडाल. रोख लेई (रोमानियाचं चलन) सिगिश्वारातच काढा.

तटबंदी
चर्चला निदान अर्धा दिवस द्या. ते टेकडीवर आहे, भोवती तीन तट, आणि वर जायला छप्पर असलेला लाकडी जिना. आई-बाबांनी कठडा धरून सावकाश चढावं. 1572 ते 1867 ट्रान्सिल्व्हेनियातल्या सॅक्सन (तिथे वसलेल्या जर्मन) लोकांच्या लुथेरन, म्हणजे प्रोटेस्टंट, बिशपांची गादी इथे होती. 1993 पासून हे स्थळ युनेस्कोच्या यादीत आहे.

वेदीमागच्या चित्रफलकांपुढे सगळेच थांबतात. तुम्ही डावीकडचं, पूजेच्या वस्तू ठेवायच्या खोलीचं दारही नीट बघा. आतल्या बाजूला कुलपाची अख्खी यंत्रणा उघडी दिसते: एक किल्ली फिरवली की चौकटीत चहूबाजूंनी खिट्ट्या एकदम सरकतात. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात हे कुलूप मांडलं होतं. तटाच्या आतला कॅथलिक बुरूजही चुकवू नका, भिंतीवरची जुनी चित्रं तिथे आहेत.

रिकिशच्या चर्चमध्ये मान वर करून बघा: खांबांच्या माथ्यावर आणि छताच्या कळीच्या दगडांवर पानांमधून डोकावणारे चेहरे कोरलेत. दार बहुधा बंद असतं, किल्ली गावातल्या माणसाकडे. आदल्या दिवशी घरमालकाकडून फोन करून घ्या.

ओंजळ
आणि जेवण? चीज-ब्रेडवर दोन दिवस काढायचे का?

मेथीची जुडी
नाही. एकच शब्द पाठ करा: ‘दे पोस्त’, म्हणजे ऑर्थोडॉक्स उपासाचं. त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलंत तर सूप मांसाच्या पाण्यातलं येऊ शकतं. तरी मासे चालतात का हे वेगळं विचारा, काही उपासांच्या दिवशी ते चालतात. ‘दे पोस्त’ सर्माले म्हणजे भात-मशरूम भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्या. झाकुस्का म्हणजे भाजलेल्या वांग्या-ढोबळी मिरच्यांची चटणी, ब्रेडला लावून खायची. ममलिगा म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं, ती आई-बाबांना पचेल. बीन्सच्या चोर्बात (आंबटसर सूप) मात्र धुरावलेलं डुकराचं मांस बहुतेक असतंच, आधी विचारा. चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ) असू शकतं. ते चालत नसेल तर उरतं दही.

पाणवठा
राहिलेलं एक. तरुण मंडळी डोंगरावरून कोप्शा मारेला चालत जातात. माती चिकण आहे, पावसानंतर बुटाला किलो-किलोने चिकटते आणि उतारावर पाय घसरतो. आई-बाबांना गाडीनेच न्या. तुम्ही चाललात तर मेंढ्यांचा कळप लांबूनच वळसा घालून टाळा. राखणीचे कुत्रे अंगावर आले तर पळू नका, जागीच थांबून धनगराला हाक मारा. अस्वलांचा वावर आहे, त्यामुळे पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलात नको. मदतीचा क्रमांक 112.