शहराच्या इमारतींसाठी वीज घेताना फक्त प्रति युनिट दरच बघायचा का?

नवी_सदस्य: यंदाच नगरपालिकेवर निवडून आले आहे. मुख्यालय, ग्रंथालयं, रुग्णालय, जलतरण तलाव, सगळ्यांच्या विजेचा करार संपत आलाय. पुरवठादार निवडायची मुभा आहे. फाइलमध्ये मात्र एकच आकडा: प्रति युनिट दर. कमी दर देईल त्याला काम, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही, पण नेमकं काय विचारावं हेही कळत नाही.

विद्युत_विभाग_निवृत्त: ताई, शंका रास्त आहे. माझी सगळी नोकरी याच कामात गेली. निविदा काढण्याआधी प्रत्येक मीटरची वर्षभराची बिलं मागवा आणि युनिटच्या खालची ओळ वाचा: मागणी आकार. बहुतेक ठिकाणी महिन्यातल्या ज्या १५ किंवा ३० मिनिटांत सर्वांत जास्त भार आला, त्यावर तो ठरतो. कार्यालय उघडताच एसी, लिफ्ट, पाण्याचा पंप एकदम सुरू झाले, की त्या पाव तासाचे पैसे महिनाभरासाठी लागतात. पंप पहाटे चालवला तर हा आकडा उतरतो, पुरवठादार कोणीही असो.

दुसरं, पॉवर फॅक्टर, म्हणजे जोडणीवर येणाऱ्या एकूण भारापैकी (केव्हीए) प्रत्यक्ष कामी येणारा भाग (किलोवॅट) किती, ते प्रमाण. आमच्या एका इमारतीत हा फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर फुगून निकामी झाले होते आणि पॅनलवर ०.७५ दिसत होता. भार ९० किलोवॅट, पण मीटर मोजत होता १२० केव्हीए. कपॅसिटर बदलून ०.९५ झाला, तेव्हा तोच भार ९५ केव्हीएच्या आत बसला. बिल केव्हीएवर असेल तर हा फरक सरळ पैशांत दिसतो. हे घर आधी नीट करा, मग बाजारात जा. नाहीतर जास्तीच्या भारासकट करार कराल.

नवी_सदस्य: बिलं उद्याच मागवते. पण निविदा आल्यावर निर्णय सभेतच होणार, आणि सभा महिन्यातून एकदा.

विद्युत_विभाग_निवृत्त: खरा पेच इथेच आहे! ठोक बाजारात विजेचा भाव सारखा हलतो. त्यामुळे स्थिर दर देणारा पुरवठादार तो दर बरेचदा काही तास किंवा एखादा दिवसच धरून ठेवतो. महिनाभर धरायला सांगितलंत, तर त्या जोखमीचे पैसे तो दरातच मिसळेल. म्हणून सभेत आधीच ठराव करून घ्या: दराची कमाल मर्यादा, कराराची मुदत, आणि सही कोण करणार. मग निविदा उघडल्या त्याच दिवशी सही होते. जनतेचा पैसा आहे, म्हणून मर्यादा लेखी हवीच. पण ती आधी ठरायला हवी.

करार_वाचक: एक भर घालते. घट-वाढीचं कलम बघा. ठरलेल्या वापराच्या अमुक टक्के वर किंवा खाली गेलात, तर फरक बाजारभावाने आकारला जातो. मधेच एखादं ग्रंथालय बंद झालं, नवा दवाखाना उघडला किंवा सगळीकडे एलईडी लावले, तर काय? वीज वाचवल्याबद्दलच भुर्दंड पडू नये. इमारती जोडण्या-काढण्याची मुभा करारातच लिहून घ्या.

नवी_सदस्य: आणि सौर किंवा पवन? लोक विचारतात.

विद्युत_विभाग_निवृत्त: जरूर विचार करा, पण एकट्याने नको. मेलबर्न शहराने २०१७ मध्ये इतर पालिका, विद्यापीठं आणि कंपन्यांबरोबर मिळून, एकूण १४ जणांनी, एका नव्या पवनचक्की प्रकल्पाशी दीर्घ मुदतीचा करार केला. वर्षाला ८८ गिगावॉट-तास, म्हणजे ८.८ कोटी युनिट. एवढी खात्रीची मागणी समोर असल्याने प्रकल्प उभा करायला कर्ज मिळणं सोपं होतं. तुमच्या शेजारच्या पालिका, रुग्णालयं, महाविद्यालयं कोणाकडून वीज घेतात आणि त्यांचे करार कधी संपतात, एवढं आधी विचारून घ्या. मुदती वेगवेगळ्या असतील, तर तुमचा पुढचा करार छोटा ठेवा, म्हणजे सगळ्यांच्या तारखा एकत्र आणता येतील.

मात्र एक तपासा: वर्षाचा हिशेब जुळला म्हणजे तासाचाही जुळला असं नाही. सौर वीज दुपारी येते, रस्त्यावरचे दिवे रात्री लागतात. रात्रीची वीज कोण देणार, कोणत्या दराने, हे त्याच करारात हवं.