लंडनच्या बागेतला कीर आणि आमच्या गावातला पिंजरा

प्रश्न : शिक्षक, आर्वी तालुका, जि. वर्धा

नमस्कार. माझा भाचा नोकरीनिमित्त लंडनला असतो. त्याने मागच्या आठवड्यात तिथल्या एका सार्वजनिक बागेचा फोटो पाठवला. पाने झडलेल्या झाडावर, धुक्यात, वीसेक हिरवे पोपट बसलेले आहेत आणि आमच्या ज्वारीच्या कणसांवर उतरणाऱ्या नराच्या गळ्यात असते तीच काळी-गुलाबी कंठी त्यांच्याही गळ्यात आहे. हा खरोखर आपलाच पोपट आहे का, आणि तो इतक्या थंडीत कसा तगतो?

विचारण्याचे आणखी एक कारण आहे. आमच्या गावातल्या एका घरी पिंजऱ्यात दोन पोपट आहेत. ज्या आजींनी ते सांभाळले त्या आता राहिल्या नाहीत, आणि घरच्यांना त्यांचे करणे जमत नाही. एक साधा कंठीवाला आहे. दुसरा बुटका असून त्याचे कपाळ आणि छाती राखाडी आहे. तो शहरातून विकत आणला होता. माझ्या वर्गातली मुले म्हणतात की, धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) मोहाच्या झाडापाशी नेऊन दोघांनाही मोकळे करू. तसे करावे का?

उत्तर १ : पक्षिनिरीक्षक, नागपूर

गुरुजी, फोटोतला पक्षी आपलाच कीर, म्हणजे कंठीवाला पोपट आहे. आफ्रिकेचा सहाराखालचा पट्टा आणि भारतीय उपखंड ही त्याची मूळ घरे. युरोपातल्या किरांच्या जनुकांची तपासणी करून २०१५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बहुतेकांचे नाते पाकिस्तान आणि उत्तर भारतातल्या पक्ष्यांशी जुळले. त्या भागात हिवाळा कडक असतो, त्यामुळे थंडीची सवय या पक्ष्याच्या रक्तातच होती असे म्हणता येते. त्यातच इंग्लंडमधले लोक हिवाळ्यात घरोघरी बागेत दाण्यांची भांडी टांगतात आणि मोठ्या शहरांची हवा आजूबाजूच्या शिवारापेक्षा थोडी उबदार असते.

तो तिथे उडत गेलेला नाही, पिंजऱ्यातून गेला आहे. पाळण्यासाठी हजारो कीर पकडून जहाजांनी आणि विमानांनी पाठवले गेले; त्यांतले काही निसटले, काही कंटाळलेल्या मालकांनी सोडून दिले. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात १९६९ मध्ये त्यांची वीण नोंदली गेली आणि आज ब्रिटनमध्ये सुमारे १२ हजार जोड्या असल्याचा अंदाज आहे. ब्रुसेल्समध्ये तर १९७४ मध्ये एका प्राणी-उद्यानाच्या मालकाने शहराला रंग यावा म्हणून चाळीसेक पोपट मुद्दाम मोकळे केले आणि तिथली वस्ती त्यातूनच वाढली. युरोपीय संघाने रानपक्ष्यांच्या आयातीवर २००५ मध्ये तात्पुरती आणि २००७ मध्ये कायमची बंदी घातली, तोवर वस्त्या रुजल्या होत्या.

आता मुख्य अडचण सांगतो. कीर स्वतः झाड कोरून घर करण्यापेक्षा तयार ढोली शोधतो आणि तिथल्या बऱ्याच पक्ष्यांच्या आधी विणीला लागतो. म्हणजे बाकीचे जागे होईपर्यंत चांगल्या ढोल्या गेलेल्या असतात. बेल्जियममधल्या संशोधकांनी किरांच्या ढोल्या बुजवून पाहिल्या, तेव्हा किरांनी शिलींद्री या लहान पक्ष्याच्या ढोल्या बळकावल्या आणि शिलींद्रींची संख्या घटली. स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या बागेत मोठ्या वटवाघळांवर ढोलीसाठी हल्ले होताना दिसले आहेत. आपल्याकडे पिंगळा, साळुंकी, नीलपंख आणि कीर हे सगळे ढोलीसाठी भांडतात, पण ते भांडण पिढ्यान्पिढ्यांचे आहे आणि सगळ्यांना त्याची सवय आहे. तिथल्या जीवांवर ते अचानक येऊन पडले. म्हणून हा पक्षी दुष्ट आहे असे मुलांना कृपया सांगू नये. त्याला तिथे नेणारा माणूस आहे.

उत्तर २ : शेतकरी, अकोट तालुका, जि. अकोला

गुरुजी, नुकसान आमच्याकडेही होते, ते नाकारून चालणार नाही. कणीस दुधात आले की थवे उतरतात आणि जेवढे खातात त्याहून जास्त खाली पाडतात. परंतु माझ्या वडिलांच्या काळी गावभर ज्वारी असायची, त्यामुळे थवा सगळ्यांच्या वावरांत वाटला जायचा. आता चहूकडे पऱ्हाटी आणि सोयाबीन आहे, आणि ज्याने दोन एकर ज्वारी पेरली त्याच्यावर पंचक्रोशीतले सगळे पोपट तुटून पडतात. माझ्या वावरात सकाळ-संध्याकाळ गोफण घेऊन राखण करावी लागते, आणि ती करायला माणूस मिळत नाही म्हणून अनेकांनी ज्वारीच सोडली. धुऱ्यावरची मोहाची आणि सावरीची जुनी झाडे तोडल्यापासून ढोल्याही थोड्याच उरल्या आहेत.

उत्तर ३ : मूळ यवतमाळकर, सध्या लंडन

गुरुजींच्या भाच्याने पाठवलेले दृश्य मी रोज पाहतो. पहिल्या हिवाळ्यात तो आवाज कानावर आला तेव्हा मी रस्त्यात थांबलो, कारण आमच्या अंगणातल्या कडुनिंबावर संध्याकाळी हाच कलकलाट असायचा. इथे काहींना हे पक्षी फार प्रिय आहेत, काहींना त्यांचा गोंगाट नकोसा होतो. एका सुप्रसिद्ध गिटारवादकाने १९६० च्या दशकात एक जोडी सोडली आणि तिच्यापासून हे सगळे झाले, ही कथा इथे हमखास ऐकू येते. लंडनच्या एका विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये पक्ष्यांच्या जुन्या नोंदी नकाशावर तपासल्या, तेव्हा त्या कथेला आधार सापडला नाही. अनेक ठिकाणांहून, अनेकदा सुटलेल्या पक्ष्यांमुळे ही वस्ती झाली.

उत्तर ४ : पक्षिनिरीक्षक, नागपूर

पिंजऱ्यांविषयी सांगायचे राहिले होते. कंठीवाला कीर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला घरात ठेवणे गुन्हा आहे. तरी त्याला थेट मोहावर सोडू नये. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसते, ससाणा दिसला तर लपायचे त्याला ठाऊक नसते. वनविभागाला कळवावे. नागपुरात सेमिनरी हिल्सला त्यांचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यजीवांचे उपचार केंद्र आहे. तिथे तपासणी करून, उडण्याचा सराव देऊन मगच पक्ष्याला मोकळे करतात.

राखाडी छातीचा बुटका, वर्णनावरून, दक्षिण अमेरिकेतला मंक पोपट असावा. दुकानदार त्याला क्वेकर म्हणतात. त्याला कोणत्याही परिस्थितीत बाहेर सोडू नये. हा पक्षी ढोलीवर अवलंबून नसतो, काटक्यांचे मोठे घरटे स्वतः बांधतो, आणि बार्सिलोना, माद्रिदसारख्या शहरांत पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांनीच त्याच्या वस्त्या केल्या आहेत. अशा विदेशी पक्ष्यांची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदणी करणे २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. घरच्यांनी ती केली नसेल, तर कीर सुपूर्द करताना त्याच अधिकाऱ्यांना याविषयीही विचारावे.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी आज सायंकाळी त्या घरी जाऊन बोललो. घरच्यांची तयारी आहे. सोमवारी वनरक्षकांना बोलावले आहे. मुले थोडी हिरमुसली, तेव्हा त्यांना शाळेमागच्या चिंचेची ढोली दाखवली. तिच्यात सध्या किराची एक मादी बसलेली आहे.