ग्राउंडच्या पॅडवर ०६०३ कपॅसिटर नीट बसत नाही

प्रश्न : एका छोट्या बोर्डावर मी ०६०३ या अगदी छोट्या आकाराचे कपॅसिटर आणि एसटीएम३२ ही ४८ पायांची मायक्रोकंट्रोलर चिप हाताने सोल्डर करत आहे. आयर्नचे सुईसारखे टोक आणि ३५० अंश सेल्सिअस तापमान असूनही ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या सामाईक जोडणीच्या) पॅडवर, म्हणजे भाग जोडायच्या तांब्याच्या ठिपक्यावर, सोल्डर गोळा होऊन राहते आणि तिथे आयर्न जास्त वेळ धरले की कपॅसिटर एका बाजूने उभा राहतो. तापमान आणखी वाढवावे का?

उत्तर १ : कृपया वाढवू नका. ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे) सोल्डर १८३ अंशांना आणि शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळते, म्हणजे ३५० अंश पुरेसे आहेत. अडचण आहे ती उष्णता पॅडपर्यंत पोहोचण्याची. सुईसारखे टोक पॅडला जेमतेम टेकते आणि ग्राउंडचे पसरलेले तांबे तेवढी उष्णता लगेच शोषून घेते. त्यामुळे दीड-दोन मिमी रुंदीचे चपटे टोक घ्या आणि पॅडवर आधी फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइड काढून सोल्डर पसरू देणारा पदार्थ) लावा. भाग जेमतेम १.६ मिमी लांबीचा असल्याने ग्राउंडची बाजू शेवटी जोडायला घेतली, तर तिथे रेंगाळलेली उष्णता पलीकडचा सांधाही वितळवते आणि सोल्डरचा पृष्ठताण भागाला उभा करतो. म्हणून ग्राउंडची बाजू आधी जोडावी, हे माझे ठाम मत आहे. शिवाय सिरॅमिक कपॅसिटरला अचानक फार तापवले तर त्याला आतून तडा जाऊ शकतो आणि तो बाहेरून दिसेलच असे नाही.

उत्तर २ : वरील क्रम योग्य आहे. हॉट एअर (गरम हवा सोडणारे यंत्र) असेल तर बोर्ड खालून हलकेच गरम करून घ्यावा, म्हणजे तांब्याची ओढ कमी होते. पुढचा बोर्ड आखताना मात्र ग्राउंडच्या पॅडला थर्मल रिलीफ अवश्य द्या. त्यात पॅड तांब्याच्या पसाऱ्याशी फक्त तीन-चार अरुंद पट्ट्यांनी जोडलेला राहतो, त्यामुळे हाताने काम करणाऱ्याचा निम्मा त्रास आखणीतच संपतो.

उत्तर ३ : एसटीएम३२ च्या ४८ पायांच्या एलक्यूएफपी (चारही बाजूंना पाय असलेल्या चपट्या) आवरणात दोन पायांच्या मध्यांतले अंतर ०.५ मिमी असते, त्यामुळे एकेक पाय जोडत बसू नये. चिप बारकाईने जुळवून समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय पक्के करावेत, भिंगातून चारही बाजू तपासाव्यात, भरपूर फ्लक्स लावावे आणि टोकावर थोडे सोल्डर घेऊन ते पायांच्या रांगेवरून सावकाश ओढावे. दोन पाय चिकटले तर पुन्हा फ्लक्स लावून तांब्याच्या विकने (सोल्डर शोषून घेणाऱ्या विणलेल्या पट्टीने) जादा सोल्डर टिपून घ्यावे. विक पायांवर आडवी घासू नये, कारण इतके बारीक पाय सहज वाकतात.