मदत हवी आहे: हेबामे सुया टोचू म्हणतेय, हो म्हणू का?

मोगरा_स्टुटगार्ट: उद्या सकाळी ९ ची वेळ दिलीये, प्लीज लवकर सांगा. आमची हेबामे (इथली सुईण) म्हणते दर आठवड्याला एकदा अॅक्युपंक्चर करू, बाळंतपण सोपं जाईल. इथे बऱ्याच जणी करतात म्हणे. आई सांगलीहून फोनवर रडायलाच लागली, "दोन जिवांच्या बाईला सुया कसल्या टोचतात!" कुणी घेतलंय का? कळा लवकर येतात का?

केतकी_म: कितवा आठवडा? पहिलटकरीण का? बाळाचं डोकं खाली आहे की पायाळू? पायाळूसाठी सुया नाही, मोक्साची धग देतात, पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याशी. मोक्सा म्हणजे आपल्या दवण्याच्या कुळातलीच वनस्पती. चीनमध्ये २६० पहिलटकरणींवर प्रयोग झाला होता, १९९८ साली छापून आला. धग दिलेल्या १३० पैकी ९८ बाळं ३५ व्या आठवड्यापर्यंत डोक्यावर आली होती, न दिलेल्या १३० पैकी ६२.

आजीचा_बटवा: सुया कशाला? नववा लागला की एरंडेल घ्यायचं. आमच्या घरी सगळ्यांची बाळंतपणं तशीच झाली.

नर्सताई_नाशिक: कृपा करून असं सांगू नका. एरंडेलाने जुलाब लागतात, अंगातलं पाणी जातं. मी वॉर्डात अशा बायका पाहिल्यात.

मोगरा_स्टुटगार्ट: ३६ आठवडे २ दिवस. पहिलंच. डोकं खाली आहे. एरंडेल विचारलंच नव्हतं हो.

मीनल_हॅनोव्हर: मी दोन्ही वेळेस घेतलं. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला दोन, आतल्या घोट्याच्या वर एक, करंगळीला एक, असं दोन्ही पायांना. वीस मिनिटं. सुई केसाएवढी. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, मग पाय जड होतो. पहिल्या वेळी तारखेनंतर पाच दिवसांनी आपोआप कळा आल्या. दुसऱ्या वेळी ४१ आठवडे झाले तरी काही नाही, शेवटी औषधानेच आणाव्या लागल्या. त्यामुळे कळा आणायला म्हणून घेऊ नका.

केतकी_म: बरोबर. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (यात एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासतात) २२ चाचण्या होत्या, साडेतीन हजारांच्या आसपास बायका. सिझर कमी झाल्याचं दिसलं नाही. गर्भाशयाचं तोंड मऊ व्हायला थोडी मदत झाली असावी, एवढंच.

सोलापूरकर: ही विद्या आपल्या डॉ. कोटणीसांनीच चीनमधून आणली. अभिमान बाळगा, बिनधास्त घ्या.

केतकी_म: कोटणीस शल्यविशारद होते आणि १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. विद्या आणली ती त्यांच्याबरोबर चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातल्या डॉ. बसूंनी, कलकत्त्यात. पण इथे प्रश्न काय आहे!

नर्सताई_नाशिक: मोगरा, औषधं कुठली चालू आहेत ते लिहिलंच नाहीस.

मोगरा_स्टुटगार्ट: लोह, कॅल्शियम. आणि पोटातलं रोजचं इंजेक्शन, नेहमीचंच.

नर्सताई_नाशिक: कसलं इंजेक्शन?

मोगरा_स्टुटगार्ट: हेपारिनचं. आधी दोनदा पडलं ना, म्हणून सुरुवातीपासून देतायत. मुटरपासमध्ये (इथली गरोदरपणाची नोंदवही) लिहिलंय, हेबामेने वाचलंच असेल.

नर्सताई_नाशिक: अगं, ते रक्त न गोठण्याचं इंजेक्शन आहे. सुई टोचायच्या आधी हे तिला माहीत असायलाच हवं. वाचलं असेल असं धरू नकोस. पान उघड आणि त्या ओळीवर बोट ठेव. तुझ्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय एकही सुई नको.

मीनल_हॅनोव्हर: मला असलं काही इंजेक्शन नव्हतं, म्हणून हे डोक्यातच आलं नाही. ताईंचं ऐक.

आजीचा_बटवा: मग खजूर तरी खा.

मोगरा_स्टुटगार्ट: आत्ताच घरी आले. पान दाखवलं. तिने वाचलं नव्हतं, सुयांचं पाकीट फोडून ठेवलं होतं. लगेच बाजूला ठेवलं आणि म्हणाली, गुरुवारी डॉक्टरांशी बोल, मग बघू. बाळाचे ठोके ऐकवले, छान आहेत. आईला फोन केला, ती परत रडली, पण आता बरं वाटून. ताई, एक विचारू? कळा अचानक आल्या तर या इंजेक्शनमुळे एपिड्युरल (कळा सुसह्य व्हायला पाठीत देतात ती भूल) मिळणारच नाही का?

नर्सताई_नाशिक: डोस छोटा असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण १२ तास थांबतात, मोठा असेल तर २४. तुझा कुठला आहे ते चिठ्ठीवर बघ, आणि गुरुवारी हाच प्रश्न पहिला विचार.