पेट्रोल मिळेना तेव्हा : छोट्या जुन्या गाड्या, घरून काम आणि आपण (अनुभव धागा)

सप्टेंबर २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडमधल्या पंपांवर पेट्रोल मिळेनासं झालं, ते दिवस इथल्या मराठी घरांना चांगलेच आठवत असतील. देशात तेल होतं, ते पंपापर्यंत नेणारी माणसं कमी पडली. कोविडमध्ये अवजड वाहनांच्या परवान्याच्या चाचण्या बंद राहिल्या होत्या, ब्रेक्झिटनंतर युरोपातले बरेच चालक परत गेले होते. काही पंप बंद ठेवावे लागतील अशी बातमी २३ सप्टेंबरला आली आणि दुसऱ्या दिवशी रांगा लागल्या. ४ ऑक्टोबरपासून सैन्याचे जवान टँकर चालवायला आले.

त्या काळात ज्यांनी जुन्या छोट्या गाडीवर, घरून काम करून किंवा दोन्ही मिळून निभावलं, त्यांनी इथे लिहावं. इतर वेळच्या, इतर गावांच्या टंचाईचे अनुभवही चालतील.

सुरुवात मी करते. आमच्याकडे मिनी आहे, सत्तरच्या दशकातली, ९९८ सीसी. ही गाडीच मुळात टंचाईतून जन्मली. १९५६ साली सुएझचा कालवा बंद पडला आणि डिसेंबरात ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. तेव्हा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्यांना कमी पेट्रोल पिणारी, पण चार माणसांची खरीखुरी गाडी करायला सांगितलं. इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली त्याच तेलात ठेवला, चाकं दहा इंचांची घेतली. बहुतेक सगळी जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. ऑगस्ट १९५९ मध्ये ती ८४८ सीसीची गाडी बाजारात आली.

आमची शांतपणे चालवली तर लिटरला चौदा किलोमीटर देते. आजच्या छोट्या हायब्रिड याहून पुष्कळ जास्त देतात, हे मान्य. पण आमची दुसरी गाडी सात माणसांची आहे आणि तेव्हा तिची टाकी तळाला गेली होती. ती दारात उभी केली. आम्ही दोघांनी घरून काम धरलं, आणि शाळा, दुकान, सासऱ्यांचा दवाखाना एवढ्यासाठीच मिनी काढली.

स्लाऊहून

जुन्या गाड्यांची खरी अडचण वेगळीच होती, ती कुणी सांगत नाही. त्याच महिन्यात साधं पेट्रोल ई५ चं ई१० झालं, म्हणजे इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप, सील खराब करतं. म्हणून आमच्यासारख्यांना महागडं सुपरच भरावं लागतं, ते ई५ च राहिलं. एरवी त्या नोझलला कुणी हात लावत नाही. त्या आठवड्यात साधं संपलं की लोक सुपर भरत होते, त्यांचीही गरज होतीच. मी नंतर गाडीचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घालून घेतले. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी हे काम टंचाईची वाट न बघता करावं. पाइपातून पेट्रोल ठिबकलं तर आग लागू शकते.

लेस्टरहून

मी नर्स आहे, घरून काम हा पर्याय मला नाहीच. आरोग्य कर्मचाऱ्यांना पंपावर आधी पेट्रोल द्या, अशी मागणी ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने केली होती. आमच्या भागात काही पंपवाले ओळखपत्र बघून पुढे घेत, काही घेत नसत. नवऱ्याला ऑफिसने पुन्हा बोलवायला सुरुवात केली होती. त्याने साहेबांना स्पष्ट सांगितलं, गाडीत आहे ते पेट्रोल बायकोच्या रात्रपाळीला लागणार आहे, मी घरूनच करतो. साहेबांनी ऐकलं.

तरी एका पाळीला काटा अगदी खाली होता. शेजारचे आजोबा स्वतःहून दारात आले. त्यांच्याकडे मॉरिस मायनर आहे, तीही इसिगोनिस यांचीच. म्हणाले, माझी टाकी भरलेली आहे आणि मला कुठे जायचं नाही, चल. गाडीत आवाज फार, हीटर जेमतेम, पण मी वॉर्डात वेळेवर होते. पैसे त्यांनी घेतले नाहीत. ज्या लोकांना घरी बसून काम करणं शक्य होतं आणि जे खरंच घरी बसले, त्यांचं पेट्रोल आमच्यापर्यंत आलं, असं मी मानते.

बेलफास्टहून

आमच्याकडे टंचाई आलीच नाही. उत्तर आयर्लंडमध्ये पंप नेहमीसारखे चालू होते. लंडनचा भाऊ फोनवर रांगांबद्दल सांगायचा तेव्हा खरंच वाटत नसे.

पुण्याहून

वय झालं, म्हणून जुनं लिहितो. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं आणि तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले. आपल्याकडे पेट्रोल महागलं, तेव्हा वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते.

मी पिंपरीला एका कारखान्यात हिशेब खात्यात होतो. आमच्यात एकाचीच फियाट. चौघांनी मिळून पेट्रोलची वर्गणी काढायची आणि तिच्यातून जायचं. एरवी सायकल, नाहीतर पीएमटीची बस. गाडीचा मालक अ‍ॅव्हरेजसाठी जिवाचं रान करी. पॉइंट आणि प्लग साफ, टाइमिंग बरोबर, टायरमध्ये हवा पुरेशी, एअर फिल्टर झटकलेला. शनिवारी खतावण्या घरी आणून जुळवायची मुभा साहेबांनी दिली होती. जेवणाच्या टेबलावर आकडेमोड चाले, मुलं भोवती दंगा करत, पण सोमवारी ताळेबंद चोख असे. भाव पुढे तसेच चढे राहिले, आमची वर्गणीही चालू राहिली.

धागाकर्ती

काका, फार मोलाचं लिहिलंत. सुएझच्या वेळी इथेही लोक एकमेकांना गाडीत घेत. परवान्याच्या चाचण्या थांबवल्या होत्या आणि शिकाऊ चालकांना एकट्याने गाडी चालवायची सवलत होती. लेस्टरच्या ताई, आजोबांना आमच्या मिनीकडून नमस्कार सांगा.

आणखी एक विचारते. अधिकाऱ्यांना न कळवता घरात पेट्रोल साठवायची इथे कायद्याने ३० लिटरची मर्यादा आहे, तेही ठरावीक कॅनमध्येच. त्या दिवसांत बाटल्यांत भरून नेणारे बघून पोटात गोळा आला. तुमच्यापैकी कुणी रीतसर कॅन ठेवता का? हिवाळ्यात गाडी उभी राहिली की त्यातल्या ई५ चं काय करता?