सेकंड हाफलाच मांडी का धरते?

तिसरी_चढाई
वय २८, राहायला लालबाग, नोकरी बीकेसीत. मंडळाकडून कबड्डी खेळतो, चढाई माझी. दोन वर्षांत उजवी मांडी मागून तीनदा गेली, आणि तिन्ही वेळा सेकंड हाफला.

शेवटचं दोन महिन्यांपूर्वीचं. नायगावला सामना होता, आम्ही तीन गुणांनी मागे, सात-आठ मिनिटं उरलेली. पाय लांब टाकून बोनस रेषेचा जादा गुण घेतला, कोपऱ्यातला बचावपटू घोट्यावर झेपावला, मी सुटून मध्यरेषेकडे पळालो. तिसऱ्या पावलाला मांडीवर मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. मी खरंच मागे वळून बघितलं! गुण मिळाला, पण रेषेपलीकडे बसलो तो बसलोच.

पाय कच्चे नाहीत. लेग एक्स्टेन्शन (मशीनवर बसून गुडघा सरळ करायचा, पुढच्या मांडीचा व्यायाम) ६५ किलो मारतो, स्क्वॉट शंभराच्या वर. कोच म्हणतात वॉर्मअप चुकतो. अहो, मग पहिल्या पाच मिनिटांत जायला हवी ना? आई म्हणते शीर चढते, तेल लाव. तेलही लावून झालं. आता चालताना, हलकं पळताना दुखत नाही, पण जोरात सुटायची भीती बसलीय.

मातीतला_गडी
बाळा, आम्ही मातीत खेळलो. रोज ३०० बैठका. मांडी गेली असं कुणी म्हटलेलं आठवत नाही. (गेली असेल, पण सांगणार कोणाला? दुसऱ्या दिवशी गिरणीत पाळी असायची.) मशीन सोड, बैठका मार.

फिजिओ_ठाणे
काकांचा मान राखून सांगते, बैठकांनी पुढची मांडी तयार होते. मागच्या स्नायूंना त्यात फार काम पडत नाही. ते कंबर आणि गुडघा दोन्ही ओलांडतात. खाली बसताना एका टोकाला ताणले जातात, दुसऱ्या टोकाला सैल पडतात. लांबी जवळपास तेवढीच राहते. तुमच्या स्क्वॉटचंही तेच.

पळताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा नडगी आवरायचं काम मागच्या मांडीचं असतं, आणि तेही ताणलं जात असताना. मोटरमन लोकल फलाटात आणताना ब्रेक दाबत आणतो ना, तसं. वेगात पळताना फाटतो तो बहुतेक बाहेरच्या बाजूचा स्नायू, बायसेप्स फिमोरिस, आणि तो याच क्षणाला सापडतो. त्यात बोनस घेताना तुम्ही कमरेत वाकून पाय लांब टाकता, म्हणजे तो आधीच पुरता ताणलेला.

आता सेकंड हाफचं. फुटबॉलच्या सामन्याइतकं पळवून खेळाडूंच्या मांड्या मोजल्या आहेत. दमल्यावर पुढच्या मांडीची लाथ मारायची ताकद फारशी उतरत नाही. मागच्या मांडीची ब्रेकची ताकद उतरते, प्रत्येक हाफच्या शेवटाला जास्त. म्हणजे इंजिन तेच, ब्रेक झिजलेला. तुमचा सामना २०-२० मिनिटांचा, त्यात प्रत्येक चढाई म्हणजे एक धाव.

लॅबमध्ये सावकाश वेगाला मागची ताकद पुढच्याच्या ६० टक्क्यांच्या आसपास असावी, असा जुना ठोकताळा आहे. ब्रेकची ताकद धरली तर ती बरोबरीला यायला हवी. पुढच्या आणि मागच्या मांडीच्या जिममधल्या दोन मशीनचे आकडे भागून हे काढू नका, दोन्हींची तरफ वेगळी असते. आणि नुसत्या या आकड्यावरून कोणाची मांडी जाणार हे सांगता येत नाही. एकदा गेलेली पुन्हा जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि तुमची तर तीनदा गेलीय.

नॉर्डिक करा. गुडघ्यांवर बसा, कुणीतरी घोटे दाबून धरायचे, अंग सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे जायचं, सुटलात की हातांवर. डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर बघितलं, निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. दहा आठवड्यांचा कार्यक्रम केलेल्या गटात मागच्या मांडीच्या १५ दुखापती झाल्या, न केलेल्यांत ५२. ज्यांची आधी गेली होती त्यांना जास्तच फायदा. पहिल्या आठवड्यात एकदाच, ५-५ चे दोन सेट. सराव संपल्यावर करा. सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत नको. नॉर्डिकनंतर मांडी दुखते, त्या दुखण्यात ताकदही उतरलेली असते. आणि आधी एकदा कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा.

पहाटे_शिवाजीपार्क
मॅरेथॉनवाला आहे. पेडर रोड उतरताना माझी पुढची मांडी बोंबलते, मागची नाही. याचं काय?

फिजिओ_ठाणे
उतारावर ब्रेक पुढची मांडी लावते. त्याचा वेगळा धागा काढा, इथे कबड्डी चालू आहे.

तिसरी_चढाई
तीन आठवडे झाले, म्हणून लिहितोय. दाखवून आलो, परवानगी मिळाली. पहिल्या नॉर्डिकला अर्ध्या वाटेतच धाडकन पडलो. ६५ किलोवाला मी!

मग एक प्रयोग केला. लादीवर खडूने खूण केली, नाक कुठे असताना सुटतो त्याची. सरावाला जायच्या आधी एक, परत आल्यावर एक. परत आल्यावरची खूण गुडघ्यांकडे वीतभर अलीकडे. मला तर पाय ताजे वाटत होते. कोचना खडूचा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, वॉर्मअपचं काही बोलले नाहीत. आता शेवटच्या दहा मिनिटांत लागोपाठ दोन चढाया मला देत नाहीत. राग येतो, पण ठीक आहे.

घोटे धरायला घरी कोणी नाही. आई दोनदा बसली, मग म्हणाली माझा कुकर लागलाय. पलंगाच्या लोखंडी दांड्याखाली उशी घालून पाय अडकवतो. काल रात्री खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नातवाला वर पाठवलं, "वर कोण पडतंय सारखं?"

मातीतला_गडी
मीही करून बघितलं. नातू सोडवायला आला. बैठकाच बऱ्या.