आईच्या टाचेचा मेलानोमा, किट (KIT) जीनची टेस्ट पुण्यात कुठे करावी?

नमस्कार मंडळी, आम्ही धायरीचे. आईच्या टाचेवर वर्षभर काळा डाग होता, तिला वाटायचं चपलेचा खिळा लागून रक्त साकळलंय, पण त्यातून पाणी यायला लागलं तेव्हा बायोप्सी केली आणि अ‍ॅक्रल मेलानोमा (तळहात-तळपायाला होणारा त्वचेचा कॅन्सर) निघाला, आता जांघेतल्या गाठीतही पसरलाय. याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो, तळपायालाही होतो, त्यामुळे घरच्या मोठ्यांचे तळवे एकदा बघाच प्लीज.

डॉक्टर म्हणाले पेशीच्या पृष्ठभागावर किट नावाचा रिसेप्टर (बाहेरचे संदेश घेणारं प्रथिन) असतो, या प्रकारात काही जणांच्या किट जीनमध्ये बिघाड असतो आणि तो सापडला तर इमॅटिनिबच्या गोळ्यांचा विचार करता येतो. दुसरा रिसेप्टर पीडी-१, तो आपल्याच टी-पेशींवर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) असतो, कॅन्सर तिथे ब्रेक दाबून धरतो आणि पेम्ब्रोलिझुमॅबचं इंजेक्शन तो सोडवतं. अमेरिकेत २०१४ लाच मंजूर झालंय, पण खर्च ऐकून बाबा गप्पच बसले.

पुण्यात कोणी किट म्युटेशन टेस्ट केलीये का? बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आमच्याकडे आहे, तो चालतो का परत तुकडा काढावा लागतो, रिपोर्टला किती दिवस लागले? आणि इंजेक्शनसाठी पेशंटला मदत देणारी एखादी योजना कोणाला मिळाली असेल तर तेही सांगा. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.